दाढदुखीचा प्रसंग

साडेआठला सुरू झाला, बातम्या संपल्यावर.
खाली पट्टी : सत्य घटनेवर आधारित.
येल्मरने आवाज वाढवला, मी कमी करायला लावला.

गाडी बरोबर आहे. पिवळी, शेतात थांबलेली,
काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली.
धुकं मात्र उगाच सोडलंय.
मे महिना होता तो. लख्ख ऊन,
आणि रुळांपलीकडे गायी चरत होत्या, बेशरम.

माझं काम करणारी मुलगी फार रडते.
मी रडले नव्हते. मी मोजत होते
समोरच्या बाकाचे टाके,
बाउमा मास्तरांच्या कोटाची बटणं. पाच.
चौथ्या दिवशी त्यांना दाराशी नेलं.
तो आवाज यांनी अचूक पकडलाय,
इतका, की येल्मरची कुत्री उठून
स्वयंपाकघरात निघून गेली.

लेखक आला होता दोन वर्षांपूर्वी.
याच खुर्चीत बसला, कॉफीत साखर नको म्हणाला.
त्याला मी दाढेचं सांगितलं :
पहाऱ्यावरचा मुलगा, एकोणिसाचा असेल नसेल,
गाल सुजून टम्म,
मांडीवर बंदूक आणि डोळ्यांत पाणी.
माझ्या डब्यात आमच्या फ्रीसलंडचं
लवंगा घातलेलं चीज.
नखाने उकरून तीन काढल्या.
म्हटलं, चावू नकोस, नुसती दाबून धर.
त्याने आधी वास घेतला. बराच वेळ.
मग बोलला, थेट आमच्या गावच्या हेलात
(दूध-कारखान्यामागच्या छावणीतलाच जन्म त्याचा) :
'आजोबांच्या बेटावर याची झाडं आहेत म्हणे.
मी पाहिली नाहीत.'

हा तिसरा दिवस.
चौथ्या दिवशी मास्तरांना नेलं
ते त्यानेच.
गाल उतरला होता.

लेखकाने सगळं लिहून घेतलं, बेटसुद्धा.
नंतर फोन आला : तो प्रसंग गाळलाय,
वाहिनीचं म्हणणं, प्रेक्षकांचा गोंधळ होईल.
होईलच की.
माझा अजून चालू आहे.

शेवटी नावं सरकतात वर.
त्या मुलालाही एक नाव दिलंय,
खरं की काढलेलं, कोण जाणे.
त्या गाडीत आम्ही एकमेकांना
काही विचारलं नव्हतं.
येल्मर दिवा लावतो, माझ्याकडे न बघता म्हणतो,
'फ्राउक्येमावशी, असंच होतं का गं?'
गायी नाही दाखवल्या, मी म्हणते.

उद्या बुधवार, बाजाराचा दिवस.
चीजवाला न विचारताच कापून ठेवतो,
गेली कित्येक वर्षं,
जिऱ्याचं.