तळं क्रमांक सतरा

एप्रिल सरत आलेला. कोलिमाच्या अलीकडे
बर्फ अजून सव्वा मीटर.
गिरमिट आरपार गेलं तसं पाणी
उसळून बुटांपर्यंत आलं, मग बसलं
आपल्या जागी, काळं.

ओक्त्याब्रिना प्रोकोप्येव्हना जाळं सोडून आली.
खिशातून धिरड्याचे दोन तुकडे काढून
भोकात टाकले.
"आधी हिला. मग तुमची नळी."

फॉर्मवर रकाना होता: जलाशयाचे नाव.
"हिच्या अंगावर उभं राहून हिचं नाव घेत नाहीत.
आजी लिही."
रकाना 'आजी' घेईना.
मी सतरा लिहिलं.

दीड मीटर चिखल वर आला, थरावर थर,
कुजक्या अंड्यांचा वास.
नवव्या सेंटिमीटरवर राखेची रेघ.
रान पेटलं असणार, म्हटलं,
साधारण पासष्ट वर्षांपूर्वी.

"साधारण कशाला? मी दुसरीत होते.
बाबांनी घोडी आठ दिवस पाण्यात उभी केलेली,
नाकपुड्या तेवढ्या वर.
बघ, तिचे खूर असतील खाली कुठेतरी."

बर्फात बुडबुडे अडकलेले,
उतरंडीला लावलेल्या ताटल्यांसारखे.
तिचा नातू ड्युलुस्तान एकेक फोडून
काडी लावत होता. भप्प!
वहीत माझी नोंद: मिथेन, चौदा ठिकाणी.
त्याच्या जळलेल्या भुवयांची नोंद नाही.

दोन उन्हाळ्यांनी फोन आला.
काठाखालची गोठलेली माती सुटली म्हणे,
चर पडला,
आणि रात्रीतून सगळी नदीला जाऊन मिळाली.
सकाळी होडी चिखलात,
सोबो मासे तडफडतायत,
कुरवांना किती खाऊ नि किती नको.

मग तिने नाव घेतलं. तीनच अक्षरं.
फोन खरखरत होता, तरी नीट ऐकू आलं.
"आता कोण बसलंय ऐकायला?"

थोड्या वेळाने:
"तुझ्या त्या नळ्या कुठे असतात?"
शीतगृहात. आडव्या. दिवा बंद असतो.
"गार किती?"
चार अंश.

बराच वेळ नुसती खरखर.
हिवाळ्यात तळाशी तेवढंच असायचं,
मीच तिला मोजून दाखवलं होतं,
दोरीला थर्मामीटर बांधून.

"म्हणजे आहे ती," ती म्हणाली.
आणि आवाज एकदम खाली आणून,
"मघाशी ते नाव…
मी घेतलंच नाही, असं समज."