तुरळक ठिकाणी

मार्गशीर्षातली सकाळ. देवगडची खाडी अजून धुक्याखाली,
आणि फोनवर वेधशाळेचा निरोप:
लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा.
दक्षिण कोकणात पुढचे अठ्ठेचाळीस तास
तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी.
मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

कचेरीमागच्या पायऱ्या चढून
मी तीन नंबरचा बावटा वर ओढला.
दोरी मिठाने करकरली.
काम एवढंच. पाऊस काही माझ्या खात्यात येत नाही.
तरी खाली उतरेपर्यंत
मलाच धरलं.

मनोरमा जोगलच्या खळ्यात चार दिवसांचा गोलमो,
वरून कुरकुरीत, मुठीत धरला तर अजून दमट.
"पडतलो काय रे?"
म्हटलं, तुरळक ठिकाणी.
"म्हणजे खंय? माज्या खळ्यात, काय तुज्या टकलेर?"
आणि बोलता बोलता तिने ताडपत्रीचं एक टोक
माझ्या हातात दिलंसुद्धा.

साटविलकरांचा इब्राहिम सड्यावरून उतरला होता,
पाठीवर पंप, भुवयांवर औषधाची पांढरी भुकटी.
हापूस यंदा दिवाळी सरताच मोहरलाय.
त्याने काही विचारलं नाही.
बावट्याकडे पाहिलं, मग वाऱ्याकडे नाक केलं,
मग खिशातून मोहोराचा एक तुरा काढून
मला हुंगायला दिला,
जसा कुणी आजारी लेकराचा हात
डॉक्टरपुढे धरतो.

दुपारी थंडी निघून गेली, न सांगता.
दक्षिणेचा वारा, कोमट, ओल्या पंच्यासारखा
मानेवर पडून राहिलेला.
जेटीला नौका एकमेकींना टेकून
टायर घासत होत्या.
तुरळक. हा शब्द मी एकवीस वर्षं वाचतोय.
जिल्ह्याच्या नकाशावर हे ठिकाण सापडत नाही,
तिथे एसटी थांबत नाही,
पण राहतात तिथे माणसं,
आणि प्रत्येकाला वाटतं, आपणच तिथले.

संध्याकाळी जत्रेला दशावताराचा टेम्पो आला.
पेटारा उतरवताना राजापार्ट झिलू मेस्त्री म्हणाला,
"मुकुट भिजलो तर सुकतलो. तोंडाचो रंग रवाचो नाय."
त्यालाही मी तेच सांगितलं, शब्दाला शब्द.
दुसरं माझ्याकडे आहे काय?

रात्री दोनच्या सुमाराला, ऐन दरबारात,
पत्र्यावर एक थेंब. मग सात-आठ. मग मोजता येईनात.
कुणी उठलं नाही.
बसायला आणलेली बारदानं डोक्यावर गेली,
पेटीवाल्याने पेटीवर स्वतःचा स्वेटर घातला.
राजाने तलवार वर रोखली:
"प्रधानजी! आमच्या दरबारात
हा बिनबोलावता पाहुणा कोण?"
प्रधानाने क्षणभर माझ्याकडे बघितलं.
"महाराज, हे तुरळक गावचे सरदार.
ह्यांचो नेम नाय."

एवढं हसू मी त्या देवळापुढे कधी ऐकलं नव्हतं.
राजाच्या गालावरून पांढरा ओघळ
दाढीत उतरला, तरी त्याने वाक्य सोडलं नाही.

दहा मिनिटं. मग चांदणंसुद्धा पडलं.

सकाळी मनोरमाचं खळं कोरडं ठणठणीत.
ताडपत्री उलगडताना तिने मला
दोन शिव्या दिल्या आणि ओंजळभर गोलमो.
सड्यावर मात्र, इब्राहिम सांगतो,
गडग्याच्या अलीकडची नऊ कलमं भिजली,
पलीकडे पान हललं नाही.
ऊन चढायच्या आत तो एकेक फांदी धरून
मोहोरातलं पाणी झाडत होता.

पर्जन्यमापकाचा तळ जेमतेम ओला.
वहीत रकाना असतो मिलिमीटरचा.
मी लिहिलं: अत्यल्प.
लिहिताना पेन थोडं अडलं.

अजून चोवीस तास बाकी आहेत.
बावटा तसाच वर.