सबब

अंकाला नाव ठेवायचं राहिलंच.
छत्तीस प्रती निघाल्या, कागद तेवढाच होता.

सुरुवात तुळसाक्काच्या पिशवीपासनं.
बावीस वर्षांचा दावा, भुदरगडकडच्या एका बांधाचा;
दोन्हीकडचे म्हातारे गेले, तेव्हा मिटला.
पिशवी उपडी करून म्हणाली,
"कागद कुटता म्हणं तुम्ही. हे कुटा.
घरात ठेवलं की उंदरंबी वाचत बसत्यात."

उद्यमनगरात, आमच्या गच्चीवर,
तीन दिवस भिजत घातलं सगळं:
तारखा, वकीलपत्रं, तलाठ्याचे गोल शिक्के.
बादली जांभळी झाली.
त्यात इचलकरंजीच्या मागाखालची रुई,
गुऱ्हाळावरचं चिपाड
(ते शिजंचना, सोडा घालून दोन रात्री उकळलं,
खालच्या मजल्यानं वासावरनं भांडण काढलं)
आणि भेंडीचं बुळबुळीत पाणी,
लगदा तळाला बसू नये म्हणून.

ओले ताव पसरायला कापड कमी पडलं.
बिरू डांगेनं घोंगडी आणून दिली,
मेंढरांमागं फिरून विटलेली.
म्हणून प्रत्येक पानात एक तरी काळा केस आहे.
चिमटा घेऊन बसलो मी.
सातव्या पानाला नाद सोडला.
बिरू म्हणाला, "मग मला वेगळं पान नको.
मी सगळ्यातच हाय की."

हमिदा शिकलगार वाकळा शिवते.
तिनं सांगितलं, मी टाईप केलं:
"कडेनं शिवत आलो.
मधी पोचलो तवा लाईट गेलेली.
शेवटचा टाका अंधारात घातलो,
तो कुठला, मला अजून घावलेला न्हाई."

विद्यापीठातली मृण्मयी प्रुफं बघायला आली,
लाल पेनानं नीट करून गेली:
शिवत आले. पोचले. घातला.
हमिदाला वाचून दाखवलं.
ऐकून घेतलं तिनं, सुई केसांत खोचली.
"चांगलंय. पण ही बाई कोण?
आणि माझी वाकळ हिनं कवा शिवली?"

लाल सगळं खोडलं.
मीपण लक्ष्मीपुरीत, लग्नपत्रिकांच्या दुकानात,
गिऱ्हाइकापुढं आले-गेले करतो;
जिना चढून घरी आलो की आलो.

बांधणी सुबरावची.
चपलेचा मेण लावलेला दोरा, तीच आरी.
पहिल्या तीन प्रती फाटल्या.
"चामडं हात मागं ढकलतंय," म्हणाला,
"कुठं थांबायचं ते सांगतंय.
कागद काय बोलतच न्हाई,
त्याचंच भ्या वाटतं."
मग हलक्या हातानं, श्वास धरून,
एका पानावर चहाचा थेंब पाडून,
रात्री दीडपर्यंत.
भट्टीचा भोंगा झाला तेव्हा
एकोणिसावी प्रत उलटी शिवलेली निघाली.
कुणी उसवा म्हणालं नाही.

तुळसाक्काला तीच आवडली.
उलटी धरली की सुलट होती, म्हणाली.
पानं अंगठ्यानं चाचपत चाचपत
नवव्या पानाशी थांबली, खिडकीकडं धरलं.
लगद्यातनं एक तुकडा वाचला होता,
नखाएवढा, कोर्टाच्या टाईपरायटरचा:
सबब

"बावीस वरसं ऐकलो हे," ती म्हणाली.
"प्रत्येक तारखेला. सबब, सबब.
म्हंजे काय गं?"

"म्हणून," मी म्हणालो.

"म्हणून काय?"

पुढं बघितलं मी. चष्मा पुसून बघितलं.
पुढं कागद कोराच होता.
एक केस होता, मेंढराचा,
जरा वाकडा.