पाहून गेलेले

आमच्या तुर्कूत माणसं घराबाहेर पडण्याआधी
दाराच्या भिंगातून जिना पाहून घेतात.
शेजारी दिसला तर थांबतात, बूट हातात धरून,
त्याची पावलं खाली विरेपर्यंत.
यात वैर नसतं.
एकमेकांना दिलेली मोकळीक असते ती.
यार्मो तर दोनदा पाहायचा.

तो गेला त्याला पाच आठवडे झाल्यावर
नोकरीवाल्या साइटवरचं त्याचं खातं बंद करायला बसले.
पासवर्ड: मांजराचं नाव आणि बोटीचा नंबर.
फोटोत पिवळं हेल्मेट,
आणि हस म्हटल्यावर तो हसायचा ते हसू.
'क्रेन-नियंत्रण, एकवीस वर्षं. नवीन संधीसाठी उपलब्ध.'
उपलब्ध.

कोपऱ्यात घंटी, तिच्यावर लाल आकडा:
बावीस जण तुमचं प्रोफाइल पाहून गेले.

घरी समाचाराला आले होते तिघं.
त्यातला एक पाद्री, तो येणारच.
मग हे बावीस कोण,
दारापर्यंत येऊन, कडीला हात न लावता परतलेले?

बोट ठेवलं तर साइट म्हणाली,
तुम्ही स्वतः लपून पाहता,
म्हणून इथे आलेले तुम्हाला दिसणार नाहीत.
पाहायचं असेल तर आधी दिसा.

म्हणजे यार्मोनंच लावून ठेवलेली कडी.
शिपयार्डनं घरी बसवल्यावर त्या अख्ख्या वर्षात
रात्री दोन-दोनपर्यंत स्वयंपाकघरात निळा उजेड असायचा,
मी कूस बदलून झोपायचे.
कुणाकुणाच्या दारांवरून जाऊन आला असेल तो,
मागमूस न ठेवता.
विचारायला हवं होतं.
नाही विचारलं. मोकळीक.

मी कडी काढली.
ते बावीस काही परत आले नाहीत,
गेले ते गेले.
नव्यांची वाट पाहत बसले, फोन भांड्यांशेजारी ठेवून.
बुधवारी ओउलूचा कुणी विद्यार्थी.
गुरुवारी माणसं पुरवणारी एक बाई, तिला अजून कळलेलं नसावं.
शुक्रवारी रात्री पावणेबाराला
रायमो सारिक्को.

कमी करायच्या माणसांच्या यादीखाली
सही होती ती त्याची.
अंत्यविधीला फुलं आली होती, कार्डावर विभागाचं नाव,
माणसाचं नव्हतं.

चेहरा तरी बघू म्हणून मी त्याच्या नावावर टेकवलं बोट.
बस, तेवढंच.
पांढरी दाढी, कसलंसं पदक, मागे गोदी.
फोन पालथा घालून भांडी धुवायला घेतली
आणि अर्ध्यात, फेसाळ हातांनी, लक्षात आलं
की शहराच्या दुसऱ्या टोकाला
त्याच्या उशाशी आत्ता उजळलं असेल:
यार्मो हिएतानेन यांनी तुमचं प्रोफाइल पाहिलं.

पुसायची सोय नव्हती. शोधली मी.
खरं सांगायचं तर फार नाही शोधली.

रविवारी चारलाच काळोख झाला. बेल वाजली.
मी भिंगाला डोळा लावला.
फुगीर काचेत आधी नाक, मग टोपी, तीही हातात धरलेली.
रायमोनं बेल पुन्हा दाबली नाही.
काही बोलला नाही.
जिन्यातला दिवा आपल्या वेळेनं विझला,
त्यानं तोही पुन्हा लावला नाही.
आता तो मला दिसत नव्हता,
फक्त श्वास, जिना चढून आलेल्या म्हाताऱ्याचा.

या भिंगात बाहेरून एक ठिपका दिसतो उजेडाचा,
आतून कुणी डोळा लावला की विझणारा.
लग्नाच्या वर्षी यार्मोनं मला जिन्यात उभं करून
दार लावून घेतलं होतं, आणि आतून ओरडला होता,
उजेड दिसतोय ना, म्हणजे मी नाही.
आता बघ.
आता आहे.

रायमो बघत असेल तर बघत असेल.
मी डोळा काढला नाही.