खिळ्यांच्या दुकानावरची खोली

फ्रिजवर कागद. तीन नावं, तीन नंबर.
लौरीचं अक्षर. खाली एकच ओळ:
एकाला तरी फोन कर.

मी दुधाचा टँकर चालवतो. एकोणीस वर्षं.
पहाटे साडेतीनला निघतो, वेल्सच्या डोंगरातली अकरा शेतं.
प्रत्येक शेतावर आधी झाकण उघडून वास घ्यायचा,
नमुना बाटलीत भरायचा, मग पाइप जोडायचा.
वास बरा नसला तर दूध घ्यायचं नाही.
हे कुणाला विचारावं लागत नाही.

मार्चमध्ये ग्विलिमच्या अंगणात सरकारी गाडी उभी होती.
क्षयाची तपासणी. चौसष्ट गाई.
रिकामी टाकी त्यानं घासून लख्ख ठेवली होती,
आणि सवयीनं मला विचारलं, चहा?

मेमध्ये शेत विकलं त्यानं.
आता फाटकापाशी आलो की
पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो.
गाडी कडेला. इंजिन चालू.
कधी दहा मिनिटं, कधी चाळीस.
डेअरीचा फोन येतो. मी सांगतो, धुकं आहे.

पहिल्या माणसानं नऊ प्रश्नांचा कागद दिला,
शून्य ते तीन, खूण करा.
बेरीज चौदा आली. चौदा म्हणजे मध्यम.
वाईट नव्हता तो. आकडा लागतो माणसाला,
मलाही किती लिटर ते कळल्याशिवाय निघता येत नाही.
पण परत गेलो नाही.

दुसरी फोनवर होती.
माझं वाक्य अर्ध्यात असतानाच
तिला सगळं समजलेलं असायचं.

तिसरी मार्गेड टुडुर.
तिनं आधी विचारलं, कुठल्या भाषेत बोलायचं?
मी गप्प झालो. इंग्रजीत मी गेले पाच महिने ठीक होतो.
वेल्शमध्ये कुणी विचारलंच नव्हतं.
मग म्हणाली, आता तुम्ही मला विचारा.
मी विचारलं: शिकलात कुठे, पैसे किती,
आणि नाही जमलं तर?
नाही जमलं तर सांगा. दुसरं नाव देईन.

खाली तोललेले खिळे, वर तिची खोली.
दोन खुर्च्या, सारख्या उंचीच्या.
मी म्हटलं, काय करू ते सांगा.
ती म्हणाली, कुणीतरी सांगावं असं फार वाटतंय.
मी म्हटलं, गाडी त्या फाटकापाशी थांबते.
ती म्हणाली, फाटकापाशी.
चौथ्या गुरुवारी माझं डोकं फिरलं.
चाळीस पौंड मोजायचे
आणि माझीच वाक्यं परत घेऊन घरी जायचं?
ती म्हणाली, राग आलाय.
हो. आलाय.
कपाळावर आठी नाही तिच्या, घड्याळाकडे नजर नाही.

आणि त्या रागाच्या बुडाशी, काय सांगू, चहा होता.

मी चहा घेतला होता.
चौसष्ट गाई ट्रकमध्ये चढत होत्या
आणि मी त्याच्या ओट्यावर बसून चहा घेतला,
बिस्किट घेतलं, बशी पुसून ठेवली,
आणि पुढच्या शेतावर वेळेत पोचलो.

तुमचा काय दोष, असं ती म्हणाली असती
तर मी तसाच जिना उतरलो असतो.
ती म्हणाली नाही.
बराच वेळ आम्ही दोघं बसलो.
खाली कुणीतरी तराजूत खिळे ओतले.
मी म्हटलं, गरम होता चहा.
ती म्हणाली, गरम होता.

दुकानदाराला वाटतं मी सामानालाच येतो.
जिन्यावरून उतरताना लाज वाटते, म्हणून दर वेळी
पावकिलो काहीतरी घेतो. घरी
स्क्रूचे अकरा पुडे झालेत.
लौरी विचारते, बांधतोयस काय?

गाडी अजून थांबते. कालही थांबली, सहा मिनिटं.
डेअरीला सांगितलं, धुकं नाहीये, मी थांबलोय.

आणि परवा ग्विलिमला फोन लावला.
म्हटलं, नव्या घरात फळी-बिळी ठोकायची आहे का?
माझ्याकडे स्क्रू आहेत.
पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज.
मग म्हणाला, किती आहेत?