उभं राहताना

निपाणीत, पत्र्याच्या शेडात
मांडीवरचं सूप खाली ठेवून निलव्वा उठते
आणि डोळ्यांपुढं अंधारी.
रक्त पायांकडं घसरलेलं.

मानेतल्या धमनीला मात्र
तिच्याआधीच कळलंय: ताण सैलावला.
वर निरोप गेलाय,
काळजानं चाल वाढवलीय,
पिंढऱ्यांतल्या बारक्या नळ्या आवळल्यात
बिडीला दोरा आवळावा तशा.
एवढं सगळं
ती खांब धरेपर्यंत.

चिकोडीची नर्स दंडाला पट्टा बांधते.
बसून एकदा. मग, "निंद्री, अक्का."
पुन्हा एकदा.
"पाणी पीत जा. सावकाश उठ."

निलव्वा म्हणते,
"मुकादम हजारात पन्नास छाट काढतोय.
ह्यो आतला कोण गं, बिनचूक जुळवणारा?
त्याला मजुरी कोण देतं?"

नर्सला मराठी अर्धंच कळतं.
ती हवा सोडते.