पान एकशे एकोणीस

मे महिन्यात माझ्या दुकानात
पुण्याची हुशारी गठ्ठ्यांनी येते.
चार प्रती, काळं कॅलिको, सोनेरी अक्षरं, उद्या सकाळी हवंय.
"उद्या" हा शब्द सगळ्या शाखांत
एकाच घाबऱ्या सुरात म्हणतात.

खडकीत, रेल्वेपुलापासून चार पावलांवर, दहा बाय आठ.
कटर, दाबयंत्र, सरसाचा डबा, पंखा.
पंखा लावायचा नाही. पानं उडतात.

मी वाचत नाही.
पानं क्रमानं आहेत का, एवढंच बघतो.
पण बत्तीस वर्षांत अंगठ्याला खोड लागली,
तो मधेच थांबतो.
त्याच्यामुळं कळलं
की उन्हाळ्यात मुठेकाठची गोगलगाय
शंखाचं दार आतून लावून घेते,
की मोडी लिहिणारा कारकून
बोरू दौतीत बुडवेपर्यंत हात उचलत नसे,
की मंडईतल्या भाजीवाल्या
ओळखीच्या गिऱ्हाइकाला "घ्या" म्हणत नाहीत, "न्या" म्हणतात.
आणि पाषाणकडच्या कुणा पोरानं
दोनशे सहा रात्री एकाच ताऱ्याकडे बघून
शेवटी लिहिलं होतं:
कोणताही बदल आढळला नाही.
त्या ओळीपाशी मी काम थांबवून चहा मागवला होता.

पाठीवर नाव मावत नाही कुणाचंच.
"पश्चिम महाराष्ट्रातील निवडक" इथवर येतो
आणि जागा संपते.
काय निवडलं ते आत उघडून बघा.

यास्मिन आत्तार आली तेव्हा शटर अर्धं खाली होतं.
दुपारीच नेलेल्या चारही प्रती पिशवीत.
म्हणाली, काका, सोडवा.

डोंगरउतारावरच्या वस्तीत एका बाईला हिनं विचारलेलं,
नळावर किती मिनिटं जातात?
बाई म्हणाली, सत्तेचाळीस.
हिच्या कानात आधी सात शिरला,
हातानं आधी सात लिहिला,
मागून आलेला चार त्याच्याशेजारी बसला.
आपण आकडा शेपटाकडून बोलतो
आणि तोंडाकडून लिहितो,
शाळेत मीही याच्यापायी मार खाल्लाय.

"सगळ्यांत जास्त थांबणारी म्हणून
चौथं प्रकरण त्यांच्यापासून सुरू केलं होतं.
काल रेकॉर्डिंग परत ऐकलं.
मागं कळशी भरतेय, आणि स्वच्छ सत्तेचाळीस."

सरांना सांगितलंस?
"म्हणाले, तीनशे बायकांत एक आकडा. सरासरी हलत नाही."
मग?
ती जरा वेळ कटरकडे बघत राहिली.
"नाही हलत. पण त्या बाई असं बोलल्या नव्हत्या."

बांधणं सोपं. उकलायला वेळ लागतो.
पाठ गरम करायची, सरस मऊ होईस्तोवर थांबायचं,
पातं आडवं घालायचं, घाई केली की कॅलिको फाटतं
आणि बिचाऱ्या प्रस्तावनेचं पहिलं पान सोबत घेऊन जातं.
ती कागदाच्या रिमवर बसून
नवीन पानं मांडीवर धरून होती,
ओल्या फोटोसारखी, कडांना.
नव्या पानावर प्रकरणाची सुरुवात साधीच होती.
कुणी सगळ्यांत जास्त थांबत नव्हतं.
बऱ्याच जणी बराच वेळ थांबत होत्या.

तिसऱ्या प्रतीला माझ्या हातून सोनेरी अक्षर किंचित कललं.
दाखवलं तिला. म्हणाली, चालेल.
म्हटलं, बघ हं, मग हे कसं चालतं?
पहिल्यांदा हसली.

पहाटे कोल्हापूरची गाडी धडधडत गेली तेव्हा काम झालं.
पैसे विचारले तिनं.
बांधणीचे घेतले.
सोडवणीचा दर बोर्डावर लिहिलेला नाही,
इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

चौऱ्याहत्तरची चार पानं माझ्याकडेच राहिली.
घडी घालून सरसाच्या डब्याखाली सारली.
एका बाजूनं हलायचा तो.
आता हलत नाही.